काळी मेंदी, इन्स्टंट कोन, ऑरगॅनिक, टॅटू... आपण हातावर नेमकं काय लावतो आणि गिऱ्हाइकाला काय म्हणून सांगतो?

तापीकाठची
नमस्कार मंडळी. मी भुसावळजवळ राहते, १२ वर्षं झाली मेंदी काढते, नवरीची, डोहाळजेवणाची, आखाजीची (म्हणजे अक्षय्य तृतीयेची), सगळीच. हा विषय मनात ३ वर्षांपासून आहे, आज लिहूनच टाकते.

आखाजीच्या आदल्या दिवशी माझ्या ओट्यावर रांग असते. माहेरवाशिणी आलेल्या, निंबाला झोके बांधून झालेले, ४४ डिग्रीत पोरी हात पुढे करून बसलेल्या. त्या वर्षी दोन दिवस लाईटचा खेळखंडोबा झाला आणि फ्रीजरमधले माझे सगळे कोन गेले. घरी भिजवलेली मेंदी आपल्या उन्हाळ्यात बाहेर एक दिवस धड राहत नाही, पातळ होते, आंबते, रंग मेलेला असतो. मग बाजारातून 'ब्लॅक' लिहिलेल्या कोनांचा बॉक्स आणला. वर '१०० टक्के हर्बल मेंदी' छापलेलं, हिरवं पान काढलेलं, पण आत काय काय आहे त्याची यादी कुठेच नाही. मीही शोधली नाही, घाई होती.

शेजारची ९ वर्षांची पोर, तिच्या उजव्या हाताच्या मागच्या बाजूला मनगटापासून मधल्या बोटापर्यंत एक वेल काढून दिली. १५ मिनिटांत धुतली तर कोळशासारखी काळी, पोरगी खूश. तिसऱ्या दिवशी खाज. पाचव्या दिवशी तिची आई तिला घेऊन आली आणि 'हात दखाड ताईले' म्हणाली. मी काढलेली वेल जशीच्या तशी उठलेली होती. पान न् पान. जिथे मी ठिपका दिला होता तिथे पाण्याचा फोड. जिथे रेघ जाड झाली होती तिथे सूज पण जाड. डॉक्टर, मलम, गोळ्या सगळं झालं, फोड गेले, पण जागा अजून पांढुरकी दिसते, नीट बघितलं तर वेल ओळखू येते.

तिची आई भांडली नाही. फक्त एवढंच म्हणाली, 'ताई, तुम्ही मेंदी म्हणाल्या होत्या ना.'

तेव्हापासून तो कोन हातात धरला नाही. पण माझा प्रश्न त्या शब्दाचा आहे. आपण सगळ्या कलाकार एकाच शब्दात सगळं विकतो. पाल्याची मेंदी ती मेंदी, डाय भरलेला कोन तो पण मेंदी, पांढरा गोंद ती 'व्हाईट मेंदी'. समोरची बाई हात पुढे करते ती 'मेंदी' या शब्दावर विश्वास ठेवून करते. मग जे मेंदी नाही त्याला मेंदी म्हणायचं का? मनापासून विचारतेय, तुम्ही काय करता ते लिहा.

फार्मसीवाला_धुळे
ताई, चांगला धागा काढलात. मी औषध दुकानात बसतो आणि दर श्रावणात आणि आखाजीनंतर असे हात बघतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. लिंबासारख्या आंबट रसात भिजवलं की ते पानातून सुटतं आणि कातडीच्या वरच्या थरातल्या केराटिनला धरतं. खरवडून टाकली की आधी रंग केशरी दिसतो आणि २४ ते ४८ तासांत हवेने गडद होत तपकिरी, मरून होतो. तळहात तळपायावर कातडी जाड म्हणून तिथे सगळ्यात गडद, दंडावर फिकी. आणि थर झडत जातो तसा आठवडा दोन आठवड्यात रंग पण जातो. यात कुठेही कोळशासारखा काळा रंग येत नाही, १५ मिनिटांत तर नाहीच. तो आला म्हणजे आत दुसरं काही आहे.

ते दुसरं बहुतेक वेळा पीपीडी असतं, पॅराफिनिलिनडायअमीन. केस काळे करायच्या डायमधलं. केसांच्या डायवर आपल्याकडे कायद्याने सूचना छापावी लागते की याने काहींच्या कातडीला त्रास होऊ शकतो, आधी थोडं लावून बघा, भुवया पापण्यांना लावू नका, डोळे जाऊ शकतात. तीच गोष्ट कोनात भरली की सूचना गायब आणि हिरवं पान छापलेलं. युरोपात केसांच्या डायमध्ये लावताना २ टक्क्यांच्या वर चालत नाही आणि कातडीवर लावायला परवानगीच नाही. अमेरिकेच्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २००६ साली 'ॲलर्जन ऑफ द इयर' म्हणून पीपीडीच निवडलं होतं, म्हणजे हा प्रकार जगभर चाललाय, फक्त आपल्या ओट्यावरचा नाही.

सगळ्यात वाईट भाग पुढे आहे. एकदा शरीराने त्याला शत्रू म्हणून ओळखलं की ते आयुष्यभर विसरत नाही. त्या ९ वर्षांच्या पोरीने उद्या चाळिशीत केसांना डाय लावला तर चेहरा, डोळे सुजू शकतात. काही भूल देणारी मलमं, काही गडद रंगाचे कपडे यांची पण रिॲक्शन येऊ शकते. तिच्या आईला हे सांगून ठेवा, कागदावर लिहून द्या, दवाखान्यात प्रत्येक वेळी सांगायला.

तापीकाठची
दादा, हे कोणीच सांगितलं नव्हतं. आजच जाते त्यांच्याकडे.

रंगरेखा_पाचोरा
सगळं बरोबर आहे पण एक बाजू माझी पण ऐका, राग मानू नका. मी जत्रेत बसते, बाजाराच्या दिवशी बसते, लग्नाच्या हॉलबाहेर पण बसते. माझ्याकडे फ्रीजर नाही. चांगली पावडर आणा, दोनदा वस्त्रगाळ करा, रात्री भिजवा, तेल आणा, कोन वळा, एवढं करून ५० रुपयांत हात काढून द्यायचा आणि गिऱ्हाईक म्हणणार 'बाई, पाच तास ठेवू कशी, मला बस पकडायचीये, तो दहा मिनिटांवाला लावा'. मी नाही म्हटलं तर ती शेजारच्या पाटावर जाऊन बसते. माझी चूल त्यावर आहे. ज्यांना नवरीच्या ऑर्डरचे हजारात पैसे मिळतात त्यांनी तत्त्व सांगणं सोपं आहे.

आणि एवढी वर्षं लावतेय, शेकडो हात झाले, दोन-तीन जणींना खाज आली असेल.

कोन_आणि_कला
रंगरेखा ताई, तुमचं खोटं नाही, मी पण सुरुवात बाजारातूनच केली. पण त्या दोन-तीन जणी तुम्हाला दिसल्या तेवढ्याच. जत्रेतली बाई पाचव्या दिवशी फोड दाखवायला पाचोऱ्याला परत येत नाही, ती तिच्या गावच्या डॉक्टरकडे जाते. तापीकाठच्या ताईंना कळलं कारण पोर शेजारची होती.

मी चोपड्यात क्लास घेते. आता मी जे लिहितेय ते आपल्याच लोकांबद्दल आहे. गिऱ्हाईक काळा रंग मागतं असं आपण म्हणतो, पण तिला ती सवय लावली कोणी? आपण मेंदी काढली की फोटो काढतो ओला कोन असताना, किंवा दुसऱ्या दिवशी, आणि मोबाईलमध्ये रंग ओढून ओढून चॉकलेटी काळा करतो, कातडी गोरी करतो आणि स्टेटसला टाकतो. नवरी तो फोटो दाखवून म्हणते 'अस्साच पाहिजे'. खऱ्या मेंदीने तसा येत नाही. मग आपण घाबरतो, आणि कोनात काहीतरी मिसळतो. म्हणजे पहिलं खोटं फोटोत झालं, डाय नंतर आला. मी क्लासच्या पोरींना सांगून ठेवलंय, फोटो उजेडात काढा, रंग वाढवू नका, आणि किती तासांनंतरचा फोटो ते खाली लिहा. दोन पोरी क्लास सोडून गेल्या. जाऊ द्या.

अमळनेरची_सून
मी कलाकार नाही, फक्त लावून घेणारी, पण लिहिल्याशिवाय राहवेना. माझ्या लग्नात मेंदी फिकी आली. हात मुळात थंड असतात माझे, आणि लग्न जानेवारीत. सासरच्या बायका एकेक करून हात बघून जात होत्या आणि 'रंग चढला नाही गं, नवऱ्याचं प्रेम कमीच दिसतं' म्हणत होत्या, हसत हसतच, पण मी त्या रात्री बाथरूममध्ये रडले. नंतर धाकट्या नणदेच्या लग्नात मीच त्या ताईंना म्हटलं की काहीही टाका पण काळी आली पाहिजे. म्हणजे मी स्वतः मागितलं. आज तो फोडांचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला.

तुम्ही कलाकार मंडळी नवरीच्या घरी ५-६ तास बसता, तुमचं ऐकतात तिथे. 'रंग कातडीच्या जाडीवर आणि हाताच्या उबेवर असतो, प्रेमावर नाही' हे एक वाक्य मोठ्याने बोला ना तिथे, सगळ्या बायकांसमोर. त्या दिवशी माझ्यासाठी कोणी बोललं असतं तर फार बरं वाटलं असतं.

तापीकाठची
सूनबाई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी बोलेन. शब्द दिला.

सातपुड्याचा_वारा
मी जरा शब्दांकडे वळतो कारण धागा त्यावर होता. मला भाषेची आवड आहे, बायको मेंदी काढते.

पहिलं, 'टॅटू'. कॉलेजची पोरं येतात आणि 'मेंदीचा टॅटू' मागतात. टॅटू म्हणजे सुईने कातडीच्या आत रंग सोडणं, त्याला आपल्याकडे शब्द आहे, गोंदण. माझ्या आजीच्या कपाळावर, हनुवटीवर आणि दंडावर गोंदण होतं, ती म्हणायची मेल्यावर हेच संगे येतं. मेंदी धुतली जाते, झडते, पुन्हा लावता येते, म्हणून तर सणाला लावतात. दोन्हींचा अर्थच वेगळा आहे. मेंदीला टॅटू म्हटलं की पोराला काळाच रंग हवा होतो, कारण टॅटू काळा असतो. म्हणजे शब्दाने रंग मागवला आणि रंगाने डाय.

दुसरं, 'मेंदी' शब्द आपणच सैल वापरतो. बंगल्याच्या कंपाउंडला छाटलेलं कुठलंही हिरवं झुडूप असो, आपण मेंदीच म्हणतो, आणि त्यातलं कितीतरी मेंदी नसतंच, कोयनेल असते, ड्युरांटा असतं. एकदा आमच्या पुतण्याने तसला पाला हौसेने वाटून हाताला लावला, दिवसभर बसला, काही नाही. खरी मेंदी म्हणजे लॉसोनिया, शेताच्या बांधाला काटेरी वाढते, फुलं बारीक आणि वास घमघमणारा.

काळ्या कोनाला मी 'डायचा कोन' म्हणा असं सुचवेन. 'काळी मेंदी' हा शब्दच बाद करा. 'इन्स्टंट मेंदी' पण नको, त्यात मेंदी शब्द राहतोच.

धडगावची_सिस्टर
मी आरोग्य खात्यात आहे, डोंगरात ड्युटी. दोन गोष्टी सांगते, घाबरवायला नाही.

पाल्याची शुद्ध मेंदी आहे म्हणून सगळ्यांना चालतेच असं समजू नका. काही मुलांमध्ये जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं. अशा बाळाला शुद्ध मेंदी लावली तरी लॉसोनमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात, कावीळ दिसते, लघवी गडद होते, बाळ मलूल पडतं. तान्ह्या बाळांमध्ये हे झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. आपल्याकडे बारशाला, जावळाला बाळाच्या तळव्याला हौसेने मेंदी लावतात, मी प्रत्येक आईला सांगते, तान्ह्याला नको, कुंकवाचं बोट लावा पुरे. कलाकारांनी पण नाही म्हणावं.

दुसरं, फोड आले तर फोडू नका, हळद, चुना, टूथपेस्ट काही थापू नका, साध्या पाण्याने धुवा आणि डॉक्टरकडे जाताना कोनाचं रिकामं पाकीट सोबत न्या. पाकिटावर नाव, लायसन्स नंबर, घटक काहीच नसेल तर तेही सांगा डॉक्टरला.

रंगरेखा_पाचोरा
फार्मसीवाल्या दादांना विचारायचंय, मी गिऱ्हाइकाच्या कानामागे आधी एक ठिपका लावून बघितला आणि काही झालं नाही, तर मग चालेल का डायचा कोन?

फार्मसीवाला_धुळे
नाही ताई. पहिल्यांदा लावताना शरीर फक्त ओळख करून घेतं, त्रास बऱ्याचदा पुढच्या वेळी येतो, आणि येतो तेव्हा पटकन आणि जोरात येतो. शिवाय ठिपका लावून १० मिनिटं थांबून काही कळत नाही, दोन-तीन दिवस लागतात. आणि तो ठिपका हीच पहिली ओळख ठरू शकते.

कोन_आणि_कला
आता एक कडू गोष्ट शुद्धवाल्यांबद्दल पण, कारण मी स्वतः त्यात येते. आपण सगळ्या 'ऑरगॅनिक मेंदी' असं बोर्डावर लिहितो. कुठल्या पावडरला सेंद्रिय शेतीचं प्रमाणपत्र आहे विचारलंय कधी? मी सोजतची पावडर वापरते, राजस्थानात पाली जिल्ह्यात, २०२१ मध्ये सोजत मेंदीला जीआय मानांकन मिळालं. पण जीआय म्हणजे माल कुठला आहे ते, शेतात काय फवारलं ते नाही. पाकिटावर 'बॉडी आर्ट क्वालिटी' लिहितात, तो पण सरकारी शिक्का नाही, बारीक चाळलेली, रंगाला चांगली आणि काही न मिसळलेली एवढाच व्यवहारातला अर्थ. म्हणून मी बोर्डावरून 'ऑरगॅनिक' खोडलं. 'केमिकल फ्री' पण खोडलं, लॉसोन हेही रसायनच आहे, निलगिरीच्या तेलात पण रसायनंच असतात आणि लवंगेचं तेल जास्त झालं तर हात भाजतो, मी बघितलंय. आता मी सरळ लिहिते: मेंदी पावडर, लिंबाचा रस, साखर, लॅव्हेंडरचं तेल. चारच गोष्टी. गिऱ्हाईक वाचतं आणि विचारतं, मला ते आवडतं.

वरणगावची_काकू
आमच्या वेळेला आई पाटा-वरवंट्यावर पाला वाटायची, कात घालायची, चहाचं पाणी. काडीने ठिपके. डिझाईन म्हणजे तळव्यावर एक गोल चंद्र आणि बोटांची टोकं भरलेली. रात्रभर हाताला फडकं बांधून झोपायचो. आजी म्हणे, 'रंगाले येळ लागस, पोरी.' एवढंच लिहायचं होतं.

आणि हो, देवाचं चित्र पायावर काढू नका गं. आजकाल नवरीच्या पोटरीवर गणपती बघितला, मला झोप लागली नाही.

तापीकाठची
काकू, मी पण पायावर देव काढत नाही, नवरी म्हटली तरी. मोर, कमळ, डोली काढून देते. हातावर राधाकृष्ण काढते पण मनगटाच्या वर, कारण त्याच तळव्याने जेवायचं, भांडी घासायची.

'व्हाईट मेंदी'बद्दल एका ताईने मेसेजमध्ये विचारलं. तो कातडीवर लावायचा गोंद किंवा रंग असतो, रंगत नाही, एक-दोन दिवसात निघतो. वाईट म्हणत नाही, कातडीसाठी बनवलेला असेल तर लावा, पण मेंदी म्हणू नका. बाहेरदेशी जागुआ म्हणून एका फळाचा निळसर काळा रंग वापरतात, दक्षिण अमेरिकेतलं जेनिपा झाडाचं फळ. तो पीपीडी नाही पण तोही मेंदी नाही, आणि त्याचीही काहींना ॲलर्जी येते. तिथले कलाकार पण याच शब्दावरून भांडतात, काहीजण जागुआला 'ब्लॅक हेना' म्हणून विकतात आणि लोकांना मग डायचा कोन आणि तो यातला फरकच कळत नाही. अमेरिकेत तर सरकारने मेंदीला फक्त केसांसाठी मान्यता दिलीय, कातडीसाठी नाहीच.

आता रंगरेखा ताईंना. ताई, तुमची पोस्ट मनाला लागून राहिली. फ्रीजर नाही हा खरा अडसर आहे, तत्त्व नंतर. मी हे करते, तुम्हाला जमतं का बघा: आदल्या रात्री भिजवलेले कोन गोठवून सकाळी थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांसोबत, एका वेळी तीनच बाहेर. मी सावद्यापासून यावलपर्यंत असेच नेते मे महिन्यात, दुपारपर्यंत टिकतात. आणि बस पकडणाऱ्या बाईला मी बोटांची टोकं आणि तळव्यावर एक गोल एवढंच काढून देते, काकूंच्या आईसारखं. काढायला ५ मिनिटं, वरून साखर-लिंबाचं पाणी लावलं की वाळूनही पडत नाही, ती बसमध्ये पण ठेवू शकते, खिडकीच्या गरम वाऱ्याने उलट रंग चांगला धरतो. ३० रुपये घेते.

रंगरेखा_पाचोरा
गोलाचं सुचलंच नव्हतं. पण कोन गोठवायचे कुठे? भाऊ आईसक्रीमच्या गाडीवर आहे, त्याच्या पेटीत चालतील का, वास लागेल का त्याच्या मालाला?

तापीकाठची
हवाबंद डब्यात घाला, नाहीतर तेलाचा वास लागतो. डबा मी देते, दोन जास्तीचे आहेत. पहिल्या वेळचे कोन पण माझ्याकडून न्या, पैसे जत्रा झाल्यावर.

बोर्ड मी असा लिहिलाय, चूक असेल तर सांगा:
'येथे पाल्याची मेंदी काढून मिळेल. आज केशरी दिसेल, परवा गडद होईल. काळा कोन लावत नाही. तान्ह्या बाळाला लावत नाही.'

सातपुड्याचा_वारा
खाली अहिराणीत पण एक ओळ टाका, म्हाताऱ्या बायका वाचून घेतात नातवंडांकडून. 'काया कोन आठे लावतस नही.'

तापीकाठची
टाकते. पेंटर उद्या येतोय.

रंगरेखा_पाचोरा
ताई, रविवारी सकाळच्या पॅसेंजरने येते भुसावळला. घरी माझे २ काळे कोन उरलेत, ते पण आणते, फार्मसीवाले दादा म्हणतील तसं पाकीट नीट वाचून बघू.